आईचं ‘बरां’ आणि लेकीचं ‘डॉख’

वेंगुर्ल्याला पोचलो त्याच दुपारी घोटाळा झाला. सात वर्षांची लेक परड्यात मांजरीच्या पिल्लांपाशी जाऊन बसली होती. माझ्या आईने हाका मारमारून घर डोक्यावर घेतलं आणि सापडल्यावर म्हणाली, “शिरा पडो तुझ्या तोंडार, खंय होतंस गो?”

लेक खूश! जन्म स्टुटगार्टचा, मालवणी कानावर पडते ती फोनवर तेवढीच. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि ताटली घेऊन शिऱ्याची वाट बघत बसली.

हसून झालं, पण तिला समजवायला गेलो तर मलाच शब्द सापडेनात. ही शिवी आहे का? आहे. आजी रागावली होती का? नाही, घाबरली होती. मग शिवी का दिली? आता काय सांगणार!

रात्री पुढचा अंक. आईने विचारलं, “जेवूक नाय तू?” लेक ठसक्यात म्हणाली, “डॉख!” आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितलं. “डोक्याक काय झाला गो?”

जर्मनमध्ये कुणी नकारार्थी विचारलं आणि ते खोडायचं असेल तर नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही, ‘डॉख’ म्हणावं लागतं. मी लेकीला सांगितलं, आपल्याकडे यासाठी ‘की’ आहे. “जेवले की!” तिने चार वेळा म्हणून बघितलं.

असले शब्द जर्मनमध्ये ढिगाने. ‘इकडे ये’ हा हुकूम असतो, त्यात ‘माल’ टाकला की तो मवाळ होतो. ‘हाल्ट’ म्हणजे ‘आता काय इलाज, हे असंच’. या शब्दांना हाराल्ड वाइट नावाच्या भाषातज्ज्ञाने 1969 मध्ये नाव दिलं: आब्ट्योनुंग्सपार्टिकेल. उच्चारताना जीभ अडकते, पण अर्थ मला फार आवडला. भिंतीच्या रंगात दुसऱ्या रंगाचे थेंब घालून हवी ती छटा आणतात ना, त्यावरून ते नाव आलं. त्याच्या आधी लुडविग रायनर्स या जर्मन लेखनशैलीच्या मास्तरांनी यांना भाषेच्या अंगावरच्या उवा ठरवलं होतं.

आपण तरी कुठे वेगळे? शाळेच्या व्याकरणात ‘बापडा’, ‘आपला’, ‘मेलं’ यांना ‘व्यर्थ उद्गारवाची’ म्हणून शिकलो. व्यर्थ! ‘मला मेलीला काय कळतंय’ यातली ‘मेली’ काढून बघा. उरतं ते नुसतं अज्ञान. त्यातला रुसवा, टोमणा, ‘मला कोण विचारतंय’ हे सगळं गेलं. आमच्या मालवणीत तर ‘मेल्या’ आणि ‘मा’ काढले तर निम्मी माणसं मुकी होतील. ‘बरो आसस मा?’ यातल्या ‘मा’त चौकशी आहे, आणि नसलास तर सांग, हेही आहे.

आणि शब्दच नसतो तेव्हा? गेल्या वर्षी मी फोनवर सांगितलं, चतुर्थीला जमत नाही, रजा नाही. आई म्हणाली, “बरां.” बाजारातून बांगडे आणले की म्हणते तेही ‘बरां’च, पण ते लांबतं, वर चढतं. हे आखूड होतं आणि खाली बसलं. मी त्या रात्री तिकिटांचे दर बघत बसलो. आवाजाच्या अशा वळणाने अर्थ फिरतो त्याला संस्कृत काव्यशास्त्रात ‘काकु’ म्हणतात. (आमच्या काकूलाही ते उत्तम जमतं, पण तो विषय वेगळा.) मराठीत त्याला हेल म्हणावं की रोख? माझ्या मते हेल कानाला कळतो आणि रोख ज्याच्यावर असतो त्यालाच कळतो. त्या ‘बरां’चा रोख मला कळला होता.

परवा स्टुटगार्टहून फोन लावला. आईने नातीला मुद्दामच विचारलं, “जेवूक नाय अजून?”

“जेवले की!” लेक म्हणाली. ‘की’वर चांगला जर्मन हिसका देऊन.

आई जरा थांबली. “शब्द बरोबर आसा,” म्हणाली. “हेल खंयचो?”