एआयनं काढलेल्या चित्राचा मालक कोण?

मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते असं कळलं की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "एआयकडून चित्र काढून घेतलं, तर कॉपीराइट माझाच ना?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते.

चित्र वापरायला तुम्हाला बहुधा कुणी अडवणार नाही. पण उद्या दुसऱ्या कुणी ते जसंच्या तसं उचललं, तर तुम्ही त्याला अडवू शकाल का? कॉपीराइट खरा तिथेच लागतो, आणि तिथेच पंचाईत आहे. अमेरिकेत 'झारिया ऑफ द डॉन' या कॉमिकची चित्रं मिडजर्नी या एआय चित्रयंत्रानं काढलेली होती. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयानं मजकूर आणि चित्रांची निवड-मांडणी यांवर लेखिकेचा हक्क मान्य केला. सुट्या चित्रांवरचा नाकारला. लोकांना हे अन्यायाचं वाटतं. मला पटतं. चित्रकाराला "पावसातली म्हातारी काढ" असं सांगणारं गिऱ्हाईक चित्राचं कर्तं होत नाही, मग शंभरदा सांगो. एआयच्या चित्रावर तुम्ही स्वतः हात फिरवलात, तर तेवढ्या भागावर तुमचा दावा उभा राहू शकतो.

भारताच्या 1957 च्या कायद्यात मात्र 1994 च्या दुरुस्तीनं एक वेगळीच सोय झाली: संगणकानं तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार करवून घेणारी व्यक्ती. वाचायला सोपं. पण करवून घेणारं कोण, सूचना देणारे तुम्ही की यंत्र घडवणारे? हे लिहिलं गेलं तेव्हा असं यंत्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

"पण फेअर यूजमध्ये बसतं ना?" हा पुढचा प्रश्न, आणि इथे गल्लत होते. फेअर यूज हा दुसऱ्याचं काही घेतल्यावर मांडायचा बचाव आहे. त्यातून मालकी मिळत नाही. "दहा टक्क्यांपर्यंत चालतं" वगैरे ऐकीव गोष्टींना अमेरिकी कायद्यात आधार नाही. जून 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन न्यायाधीशांनी दोन दिवसांच्या अंतरानं निकाल दिले. अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या खटल्यात पुस्तकांवर एआयचं मॉडेल शिकवणं फेअर यूज ठरलं, पण चोरीच्या प्रतींचा संग्रह करून ठेवणं ठरलं नाही. मेटाच्या खटल्यात कंपनी जिंकली. तरी न्यायाधीशांनी बजावलं की यंत्राच्या मालानं मूळ लेखकांची बाजारपेठ बुडत असेल, तर निकाल उलटा लागू शकतो. मला हा दुसरा मुद्दा अधिक वजनदार वाटतो (धंदा माझाही तोच, तेव्हा मी तटस्थ नाही). आणि दोन्ही निकाल यंत्राच्या शिकवणीबद्दल आहेत. तुमच्या चित्रात कुणाचं ओळखू येणारं पात्र उतरलं, तर "मशीननं काढलं" म्हणून सुटका होणार नाही.

प्रकाशकाच्या करारात "कृती मूळ आहे, हक्क माझे आहेत" असं कलम असतं. चित्रात एआयचा हात असेल, तर मी सहीआधी ते कलम बदलून घेते.