आवाज बंद करून पाहिलेला एझार्ड चार्ल्स

बॉक्सिंगच्या जजांच्या प्रशिक्षण वर्गात नव्या मंडळींना एक अख्खी लढत दाखवायची आणि फेरीगणिक गुण भरून घ्यायचे, हा आमचा नेहमीचा पाठ. त्यासाठी सहसा अलीकडची, लाल-निळ्या कोपऱ्यांची रंगीत लढत घेतो. या वेळी मुद्दाम १७ जून १९५४ ची घेतली. न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो आणि आव्हानवीर एझार्ड चार्ल्स, पूर्ण १५ फेऱ्या. नजरेची परीक्षा घ्यायला याहून चांगली लढत सापडणं कठीण. एक जण घंटा वाजल्यापासून पुढे येत राहतो आणि दुसऱ्याचं निम्मं काम मागे सरकता सरकता होतं.

वर्गात माजी बॉक्सर होते, काही क्रीडाशिक्षक होते, एक ताई जिल्हा संघाच्या प्रशिक्षक होत्या. मार्सियानो सगळ्यांना माहीत होता. ४९ लढती, ४९ विजय, हे आकडे बॉक्सिंगवाल्यांच्या तोंडावर असतात. चार्ल्सबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "मार्सियानोकडून दोनदा हरलेला." माजी हेवीवेट जगज्जेत्या जो लुईला १५ फेऱ्यांत हरवलेला माणूस, पुढे लाइट हेवीवेट जगज्जेता झालेल्या आर्ची मूरला तीनदा हरवलेला माणूस, आणि त्याची ओळख एवढीच उरली आहे. आमच्या मते लाइट हेवीवेटमध्ये, म्हणजे १७५ पौंडांपर्यंतच्या वजनगटात, त्याच्या तोडीचा बॉक्सर आजवर झालेला नाही. पण ते वर्गात आधी सांगितलं असतं तर कागदावर आमचं मत उमटलं असतं, म्हणून गप्प राहिलो.

मांडणी अशी केली. पडद्यासमोर खुर्च्या दोन हातांच्या अंतरावर, शेजाऱ्याचा कागद दिसणार नाही अशा. प्रत्येक फेरीला वेगळी चिठ्ठी. फेरी संपल्यावर १० सेकंदांत आकडा लिहायचा आणि चिठ्ठी लगेच जमा करायची. एकाच कागदावर पंधराही फेऱ्या लिहू दिल्या की माणूस मागची बेरीज बघून पुढचा आकडा ठरवू लागतो, 'याला दोन फेऱ्या दिल्या, आता त्याला एक द्यावी' असं चालू होतं. ३ मिनिटांच्या १५ फेऱ्या आणि मधल्या १४ विश्रांत्या मिळून ५९ मिनिटं होतात. विश्रांतीचं एक मिनिट गाळायचं नाही, कारण लागोपाठ फेऱ्या पाहिल्या तर पाचव्या-सहाव्या फेरीतच डोळा थकतो.

आणि आवाज पूर्ण बंद. जुन्या चित्रफितींवर समालोचन असतं, प्रेक्षकांचा गलका असतो. मार्सियानोचा उजवा हात हवेत फिरला तरी यांकी स्टेडियम ओरडतं. ठोसा दंडावर बसला की डोक्यावर, हे त्या ओरडण्यातून कळत नाही, पण हात मात्र आकडा लिहून मोकळा होतो.

चित्रफितीची अडचण वेगळीच. रिंगभोवती बसलेले जज वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात, तर कॅमेरा एका बाजूला आणि दोऱ्यांच्या वर. ज्याची पाठ कॅमेऱ्याकडे, त्याचे पोटावरचे ठोसे जवळजवळ दिसतच नाहीत. म्हणून नियम केला की ठोसा लागलेला दिसला तरच धरायचा. समोरच्याच्या मानेच्या झटक्यावरून अंदाज बांधायचा नाही, कारण चार्ल्स ठोशाबरोबर डोकं वळवून त्याचा जोर काढून टाकायचा आणि तेव्हाही मान हलायचीच.

निकष आजच्या व्यावसायिक बॉक्सिंगचे घेतले. स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. दुसऱ्या निकषातल्या 'परिणामकारक' या अटीवर सकाळचा अर्धा तास घालवला. नुसतं पुढे चालत जाणं म्हणजे आक्रमण नव्हे. पुढे जाऊन ठोसा लावला, किंवा समोरच्याला त्याचं काम करू दिलं नाही, तरच त्याचे गुण. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तरी पहिल्या खेपेला जे व्हायचं तेच झालं. सुरुवातीच्या फेऱ्यांत चिठ्ठ्या एकसारख्या आल्या, बहुतेक चार्ल्सच्या बाजूने. चौथ्या फेरीत मार्सियानोच्या डाव्या डोळ्याच्या वर खोल जखम होते, ती काळ्या-पांढऱ्या चित्रातही दिसते, त्यामुळे तिथे कुणी अडखळलं नाही. मधल्या फेऱ्यांपासून मार्सियानो त्याला दोऱ्यांवर नेऊ लागतो आणि तिथून चिठ्ठ्या फुटल्या. एकाच फेरीला कुणी १०-९ मार्सियानो, कुणी १०-९ चार्ल्स. शेवटच्या फेऱ्या पुन्हा बऱ्याच जणांनी मार्सियानोला दिल्या, आणि त्या त्याच्याच होत्या.

जेवणानंतर फुटलेल्या फेऱ्या निम्म्या वेगाने लावल्या. प्रत्येकाच्या हातात मोजणीचं यंत्र दिलं, अंगठ्याने दाबलं की एकाने वाढणारं. अर्ध्यांनी फक्त चार्ल्सचे ठोसे मोजायचे, अर्ध्यांनी फक्त मार्सियानोचे. दोघांचे एकदम मोजायला गेलं की डोळा जास्त हालचाल करणाऱ्याकडे ओढला जातो. धरायचं काय, तर ग्लोव्हचा पुढचा, बोटांच्या सांध्यांवरचा भाग चेहऱ्यावर, डोक्याच्या बाजूंवर किंवा पट्ट्याच्या वर पोट-बरगड्यांवर लागला तरच. दंड, खांदा, ग्लोव्ह, डोक्याचा मागचा भाग, सगळं बाद.

यंत्रं चालू झाली तशी खोलीत कुजबुज सुरू झाली. मार्सियानोचा मोठा वळसा घेऊन येणारा उजवा हात पूर्ण वेगात डोक्यावर बसल्यासारखा वाटतो. निम्म्या वेगात दिसलं की त्यातले बरेच चार्ल्सच्या डाव्या खांद्यावर किंवा वर उचललेल्या कोपरावर संपतात. त्याच क्षणी चार्ल्सचा उजवा अपरकट आतून, दोघांच्या छात्यांमधल्या वीतभर जागेतून वर जातो. पूर्ण वेगात तो दिसतच नाही, कारण त्यात खांदा मागे घेणं नाही, पायरोवणी नाही, नुसतं कंबरेचं वळणं. ताई म्हणाल्या, "सर, हा तर मी मघाशी धरलाच नाही." कुणीच धरला नव्हता.

दुसरी गोष्ट पायांची. चार्ल्स मागे जाताना सरळ रेषेत फार कमी जातो. डावा पाय रोवून उजवा पाय मागून फिरवतो, म्हणजे मार्सियानो जिथे पोहोचतो तिथे समोर चार्ल्सची छाती नसते, खांदा असतो. त्या वळणाबरोबर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आणि जॅबचा हात परत घेण्याऐवजी तिथूनच हुक, म्हणजे वाकवलेल्या हाताचा बाजूने येणारा ठोसा. मागे जात असतानाही रिंगवरचा ताबा त्याचाच, हे मुलांना सांगून पटत नाही. असं मोजून दाखवावं लागतं.

पण मोजणीच्या यंत्राचीही मर्यादा आहे आणि तीही त्याच दुपारी पुढे आली. दंडावर, खांद्यावर बसणाऱ्या ठोशांना गुण नाहीत, पण ते फुकट जात नाहीत. मार्सियानो ठोसा कुठे पडेल याची फिकीर न करता मारायचा. आठ-दहा फेऱ्या दंडांनी ते झेलल्यावर चार्ल्सचा गार्ड, म्हणजे बचावाला वर धरलेले हात, दोन-तीन इंच खाली येतो, जॅब परतायला उशीर होतो आणि मग उशिराच्या फेऱ्यांत तेच ठोसे चेहऱ्यावर लागू लागतात. शेवटी चार्ल्सचा चेहरा सुजलेला आहे. आधीच्या फेरीत दंडावर मारलेल्याचे गुण मागाहून द्यायचे नसतात. त्याचा परिणाम ज्या फेरीत दिसेल त्या फेरीत द्यायचे. हे समजलं की दोघांनाही न्याय मिळतो.

त्यानंतर त्या रात्रीचे खरे आकडे फळ्यावर लिहिले. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा फेऱ्या मोजायची पद्धत होती: आधी मार्सियानोच्या फेऱ्या, मग चार्ल्सच्या, शेवटी बरोबरीच्या. रेफरी रूबी गोल्डस्टीन ८-५-२, जज आर्टी ऐडाला ९-५-१, हॅरोल्ड बार्न्स ८-६-१, तिन्ही मार्सियानोच्या बाजूने. आजच्या पद्धतीत मांडलं तर १४५-१४२, १४५-१४१ आणि १४४-१४२. बार्न्सच्या कागदावर मार्सियानोची एक फेरी चार्ल्सकडे गेली असती तर ७-७-१, म्हणजे बरोबरी. निकाल चुकला नव्हता. आमच्याही वर्गाचा कौल मार्सियानोकडेच गेला. पण हेवीवेट इतिहासात एकही लढत न हरलेल्या जगज्जेत्याला १५ फेऱ्या उभं ठेवणारा हा एकमेव माणूस, तोही वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, आणि तो या वजनाचा मुळात नव्हताच. हे फळ्यावर लिहिल्यावर सकाळच्या "दोनदा हरलेला"चं वजन बदललं.

त्याचं खरं वजन १७५ पौंडांच्या आतलं. १९४२ च्या मे आणि जून महिन्यांत, वय २० असताना, त्याने चार्ली बर्लीला पाच आठवड्यांत दोनदा हरवलं. बर्ली म्हणजे ज्याला मोठे विजेते टाळत आले, ज्याला जगज्जेतेपदाची एकही लढत मिळाली नाही आणि जो पुढे पिट्सबर्गमध्ये महापालिकेच्या कचरागाडीवर काम करत होता तो. १९४३ मध्ये जिमी बिव्हिन्स आणि लॉइड मार्शल यांनी चार्ल्सला हरवलं. लष्करातून परतल्यावर त्याने दोघांचीही परतफेड केली. आर्ची मूरला १९४६ आणि १९४७ मध्ये गुणांवर आणि जानेवारी १९४८ मध्ये आठव्या फेरीत नॉकआउट करून हरवलं. एवढं करूनही लाइट हेवीवेटच्या जगज्जेतेपदाची लढत त्याला मिळाली नाही. तो किताब तेव्हा गस लेस्नेविचकडे होता. लेस्नेविच त्याच्यासमोर आला तो ऑगस्ट १९४९ मध्ये, चार्ल्स हेवीवेट विजेता झाल्यावर, आणि सात फेऱ्यांनंतर स्टुलावरून उठला नाही.

या काळातलं चित्रीकरण जवळजवळ नाही, आणि आमच्या मते त्याची उपेक्षा होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला अमेरिकेत १९१२ पासून १९४० पर्यंत कायद्याने बंदी होती. बंदी उठल्यावरही खर्च करून चित्रण व्हायचं ते मुख्यतः किताबाच्या लढतींचं. ज्याला किताबाची लढत मिळाली नाही त्याची सर्वोत्तम वर्षं पडद्यावर आलीच नाहीत. लोकांनी पाहिला तो हेवीवेटमधला, वजनाने कमी पडणारा आणि पुढे थकत गेलेला चार्ल्स. त्याच्या पंचवीसेक पराभवांपैकी निम्मे तरी सप्टेंबर १९५४ मधल्या मार्सियानोशी झालेल्या दुसऱ्या लढतीनंतरच्या पाच वर्षांतले आहेत.

फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागोत त्याच्याशी लढलेला सॅम बारूदी दगावला, हेही सांगायला हवं. त्यानंतर चार्ल्स पूर्वीसारखा तुटून पडत नसे, असं त्याला जवळून पाहिलेले लोक म्हणत. प्रेक्षकांनी त्यालाच सावध, कंटाळवाणा म्हटलं. जजने असल्या विशेषणांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

आपल्याकडच्या स्पर्धांत हे सगळं तीन फेऱ्यांत बघायचं असतं, दुरुस्तीला वेळ नसतो. आतल्या जागेत काम करणारा, मागे सरकत जॅब लावणारा पोरगा हरला की त्याचा प्रशिक्षक पुढच्या वर्षी त्याला फक्त पुढे जायला शिकवतो. म्हणून वर्गातल्या प्रत्येकाला एकच घरचा अभ्यास दिला. आपल्या जिल्ह्यातली एखादी मोबाइलवर टिपलेली लढत आवाज बंद करून बघायची, आधी पूर्ण वेगात, मग निम्म्या, आणि दोन्ही वेळचे आकडे वेगवेगळे लिहून आणायचे.

पुढच्या वर्गाला २७ सप्टेंबर १९५० ची लढत लावणार आहोत. चार्ल्स १८४.५ पौंडांचा, जो लुई २१८ चा, म्हणजे पंधरा किलोंचा फरक. तिथले कागद १०-५, १२-३ आणि १३-२, तिन्ही चार्ल्सचे, त्यामुळे जिंकलं कोण यावर वाद होणार नाही. या कागदांत तीन फेऱ्यांपर्यंतचा फरक कुठल्या फेऱ्यांत पडला असेल, ते शोधायला लावणार आहोत. पहिल्या तीन फेऱ्यांत कुणी ठोसे मोजायचे नाहीत, फक्त चार्ल्सचा डावा पाय लुईच्या डाव्या पायाच्या आत पडतो की बाहेर, एवढंच टिपायचं. चौथ्या फेरीपासून चिठ्ठ्या सुरू.