सही मागितली त्याच दिवशी वकील गाठायला हवा होता

2021च्या ऑगस्टमध्ये भोसरीत रात्रपाळीला पॉवर प्रेस मशीनमध्ये माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट गेलं. दवाखाना, ऑपरेशन कंपनीनं नीट केलं, त्याबद्दल तक्रार नाही.

पुढचे चार महिने मात्र एचआरच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर गेले. "इन्शुरन्सचं काम चालू आहे, सोमवारी या." सोमवारी गेलो की साहेब ऑडिटमध्ये. कधी आधारची झेरॉक्स, कधी कॅन्सल चेक. तोच चेक मी तीनदा दिला. डिसेंबरात बोलावून स्टॅम्प पेपर पुढे केला. "60,000 मिळतायत, पुढे तक्रार नाही एवढंच लिहिलंय." घरभाडं थकलेलं होतं. डाव्या हातानं सही केली.

मग वर्षभर गप्प बसलो, कारण सही केली म्हणजे हक्क संपला अशी माझी समजूत. त्या वर्षाचा मला आजही राग येतो. 2023च्या जानेवारीत एका जुन्या सहकाऱ्यानं कामगार न्यायालयातल्या वकिलांकडे ओढत नेलं. त्यांनी कागद वाचला नि बाजूला ठेवला. तेव्हा लागू असलेल्या 1923च्या नुकसानभरपाई कायद्याचं कलम 17: हक्क सोडल्याचा करार रद्दबातल. शिवाय असा करार कामगार भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागायचा, हा नोंदवलेलाच नव्हता. मग हिशोब मांडला. माझा पगार 23,000, पण तेव्हाचा कायदा 15,000च धरायचा. त्याचे 60 टक्के 9,000. वय 30, म्हणून कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे गुणक 207.98. दोन बोटांचे तक्त्यात 20 टक्के अपंगत्व. 3,74,364 रुपये! मी बाहेर जाऊन पाणी प्यायलो.

हे आधी सांगायला हवं होतं: ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, असाल तर हा दावा चालत नाही, भरपाई तिकडूनच मागायची. माझा पगार 21,000च्या वर, म्हणून मी त्यात नव्हतो. आणि दाव्याची मुदत दोन वर्षं. माझ्या हातात सात महिने उरले होते.

कंपनीनं महिन्याभरात हिशोबाप्रमाणे पूर्ण पैसे दिले तर वकिलाची गरज नाही. पण महिना उलटला, सही मागितली किंवा "तू कंत्राटदाराचा माणूस" असं ऐकवलं, तर त्याच दिवशी जा. कंत्राटी कामगाराचीही जबाबदारी मूळ मालकावर येते. निकालातून टक्केवारी मागणारा वकील नको, त्यांच्या नियमातच ते बसत नाही. फीला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो.

2024च्या अखेरीस निकाल लागला: 60,000 वजा करून बाकी रक्कम, वर 12 टक्के व्याज.

आणि पगाराच्या स्लिपा जपा. कंपनीनं माझा पगार 12,000च होता असं लेखी दिलं होतं. मोबाइलमध्ये अकरा महिन्यांच्या स्लिपांचे फोटो होते, तेच समोर ठेवले.