आमची वाटचाल: लंबकाची घड्याळं, सांगली

आमचं दुकान सांगलीत, गावभागात. लंबकाच्या घड्याळांची दुरुस्ती अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी सुरू केली. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. अमेरिकन अन्सोनिया आणि सेथ थॉमस, जर्मन युंगहान्स, जपानी सेइकोशा, सगळ्या कंपन्यांची घड्याळं आमच्या टेबलावर येऊन गेलीत. मधली बरीच वर्षं सुरळीत गेली. सांगायचंय ते 2019 च्या पुराचं आणि त्यानंतर जे झालं त्याचं.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. आमचं दुकान बुडालं. लेथ गाळात, भोक गोल करायच्या रीमरचे सेट गाळात, अण्णांनी जपून ठेवलेले बुशांचे, म्हणजे झिजलेल्या भोकात बसवायच्या पितळी नळ्यांचे, डबे वाहून गेले. गिऱ्हाइकांची दुरुस्तीला आलेली घड्याळंही आत होती. ती आम्ही एकूणएक उघडली. पुरात बुडालेल्या घड्याळाचं पितळ टिकतं, पण पोलादी पिव्हट, म्हणजे चाकाच्या दांड्याची बारीक टोकं, आणि स्प्रिंग दोन दिवसांत गंजतात. कागदी तबकडीचा लगदा होतो. पेटीचे सांधे सरसाने जोडलेले, तो सरस पाण्यात सुटतो आणि पेटी पत्त्यांसारखी उकलते.

आम्ही गाळ उपसत होतो तेव्हा एक गृहस्थ घरोघर फिरत होते. नाव घेत नाही, बाजारातल्या सगळ्यांना माहीत आहे. ‘जुनं मशीन काढून टाका, बॅटरीचं बसवून देतो, तासाभराचं काम.’ लोक आधीच खचलेले, हो म्हणाले. काढलेली मशिनं त्यांनी भंगाराच्या भावाने घेतली आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांना विकली. त्यातल्या कितीतरी मशिनांना नुसती सफाई आणि नवी स्प्रिंग पुरली असती. अन्सोनियाची यंत्रसामग्री 1930 च्या सुमारास रशियाला विकली गेली. कंपनीचा मूळ सुटा भाग मिळायची वाट तेव्हाच बंद झाली. आजोबांच्या पेटीत आता प्लास्टिकचा डबा टिकटिकतोय, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

त्या दिवाळीपर्यंत दुकानात काम असं नव्हतंच. जागा सोडून द्यावी असं घरात बोलणं झालं. तेव्हा मिरजेच्या डॉक्टरीणबाई आल्या. अण्णांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या घरात पाणी शिरलंच नव्हतं, तरी अन्सोनिया चादरीत गुंडाळून रिक्षातून घेऊन आल्या. म्हणाल्या, “घड्याळाची घाई नाही रे, पैसे मात्र आज घे.” त्या पैशांत पहिला लेथ दुरुस्त झाला. पुढे त्यांनी निम्म्या मिरजेला आमचा पत्ता दिला.

घरच्या घरी दुरुस्ती करावी का, हे मला रोज कुणीतरी विचारतं. मी कुणाला नाही म्हणत नाही, पण हद्द सांगतो. घड्याळ सरळ टांगणं तुमचं काम. टिक आणि टक यांमधलं अंतर सारखं ऐकू आलं पाहिजे. लंगडत असेल तर पेटी केसभर डावी-उजवीकडे सरकवून बघा. घड्याळ पुढे जात असेल तर लंबकाखालची चाकी उतरवा, मागे पडत असेल तर चढवा. एका वेळी एकच फेरा, मग दिवसभर वाट पाहा. किती ठोके द्यायचे ते खाचांच्या चक्रावर ठरवणारं घड्याळ असेल तर मोठा काटा बाराच्या पलीकडून उलटा फिरवू नका.

तेलाची बाटली मात्र हातात घेऊ नका. खोबरेल घातलेलं घड्याळ थंडीत हमखास बंद पडतं, कारण तेल गोठतं. शिवणयंत्राचं तेल पसरतं आणि धूळ धरतं. तेल लागतं ते पिव्हटच्या टोकाला आणि अँकरच्या पॅलेटला, म्हणजे चक्राचा एकेक दात अडवून सोडणाऱ्या नख्यांना, सुईच्या टोकावर बसेल इतकं. चाकांच्या दातांना कधीच नाही.

आणि ज्यांच्यामध्ये चाकं बसलेली असतात त्या पितळी प्लेटा खोलू नका. आठ दिवसांची स्प्रिंग भरलेली असताना स्क्रू सैल केलात तर ती बोट फोडते, चाकांचे दातही घेऊन जाते. आम्ही आधी चावीने स्प्रिंगचा जोर हळूहळू उतरवतो, मगच स्क्रूला हात. पिव्हट फिरतो ते प्लेटचं भोक झिजून लांबट झालेलं असतं. काही कारागीर त्याच्या कडेने पंच ठोकून ते आवळतात. त्या ठोक्यांच्या खुणा प्लेटवर जन्मभर राहतात. आम्ही भोक रीमरने गोल करतो, नवा बुश दाबून बसवतो, पिव्हट लेथवर पॉलिश करतो. वेळ लागतो, त्याचेच पैसे असतात.

पुरात बुडालेलं घड्याळ असेल तर चावी देऊ नका, उन्हात ठेवू नका. वरचा लाकडी पापुद्रा उचलतो. स्वच्छ गोड्या पाण्यानं गाळ धुऊन लगेच घेऊन या. एरवीही आणताना लंबक काढून वेगळा गुंडाळा, नाहीतर लंबक जिला टांगलेला असतो ती वरची पातळ पत्ती वाटेत मोडते. चावी सोबत असू द्या, आणि पेटीत पडलेला प्रत्येक स्क्रूही.