करंगळीचा बधिरपणा आणि माउंटन बाइकचे हँडल : माझा अनुभव

शाईची लांब रेघ ओढताना करंगळीची कड कागदावर टेकलेली असते आणि तिच्या आधारानेच बोरू सरळ सरकतो. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि ही गोष्ट मुलांना पहिल्याच महिन्यात दाखवते. गेल्या वर्षी जूनमध्ये एका सोमवारी सुलेखनाचा नमुना लिहून दाखवत असताना माझ्याच हाताखाली ओल्या शाईच्या दोन ओळी फासल्या गेल्या आणि ते मला जाणवलेसुद्धा नाही. "बाई, शाई लागतेय," असे पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, तेव्हा मी हात उचलला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या बाजूची अर्धी अनामिका आदल्या दिवसापासून बधिर होती. आदल्या दिवशी मी पुण्याच्या वेताळ टेकडीवर अडीच तास सायकल चालवली होती.

त्याआधीचे तीन-चार महिने त्रास होतच होता. टेकडीवरच्या मुरमाड, दगडगोट्यांच्या वाटेवर तासाभरात हाताला मुंग्या येत. मी थांबून हात झटकत असे आणि पुढे निघत असे. घरी पोहोचेपर्यंत सारे पूर्ववत होत असल्यामुळे मी त्याकडे लक्ष दिले नाही. माझी सायकल 29 इंची चाकांची, पुढे 100 मिलिमीटर सस्पेन्शन आणि मागे काहीच नसलेली, साधी हार्डटेल आहे. तिचे मूळचे हँडल 780 मिलिमीटर रुंद, जवळजवळ सरळ आणि स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा पुढचा तुकडा, 60 मिलिमीटरचा होता. माझी उंची 157 सेंटीमीटर आहे. हे आकडे मी आज सांगू शकते. त्या जूनमध्ये यातला एकही मला ठाऊक नव्हता.

हाताच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की नेमकी कोणती बोटे बधिर होतात? करंगळी आणि अर्धी अनामिका म्हटल्यावर त्यांनी माझ्या तळहाताच्या बाहेरच्या कडेला, मनगटाच्या जरा वर, अंगठ्याने दाबून दाखवले. कोपर दाराच्या चौकटीवर आपटले की जिच्यामुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती अल्नर नावाची नस तिथून तळहातात उतरते आणि तिथे तिच्यावर संरक्षण फार थोडे असते. हँडलवर तळहाताची तीच कड टेकून राहिली की नस चेपली जाते, आणि सायकलस्वारांमध्ये हे इतके नेहमीचे आहे की त्याला त्यांच्याच नावाने ओळखले जाते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर झाले असते तर दुसरी नस, म्हणजे मीडियन, मनगट वर वाकल्यामुळे दाबली जाते आहे का, हे पाहावे लागले असते. त्यांनी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरायला लावून तो ओढून पाहिला. चिमटीतली ताकद शाबूत होती. तीन आठवडे सायकल बंद ठेवा, हातावरचा भार बदला आणि बोटांची शक्ती कमी झाल्यासारखी वाटली तर एक दिवसही न थांबता या, असे त्यांनी बजावले. कोणाला असा त्रास होत असेल तर बोटांचा हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पुढचे सगळे बदल त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

यानंतर मी चुकीच्या बाजूने सुरुवात केली. एका दुकानातून जाड जेलचे हातमोजे आणि मऊ, जाडजूड ग्रिप आणल्या. माझा पंजा लहान आहे. जाड ग्रिपवर जाड मोजा आल्यावर बोटांची मूठ पुरी वळेना आणि ती टिकवण्यासाठी मी अधिकच आवळून धरू लागले. करंगळी तशीच राहिली आणि वर कोपराखालचे स्नायू दुखू लागले.

मग मी हँडल बाजूला ठेवून हातांवर भार येतो कुठून, हे शोधायला बसले. मोबाइलमधला पातळी पाहण्याचा प्रोग्राम सीटवर ठेवला, तर सीटचे नाक 4 अंश खाली झुकलेले निघाले. एवढ्या उतारावर शरीर सतत पुढे घसरत असते आणि त्याला थोपवून धरण्याचे काम तळहात करत असतात. सीट समतल केली. पुढच्या चाकात 40 पीएसआय हवा असायची, ती माझ्या 56 किलो वजनाला 28 पुरते, हे हळूहळू कमी करून ठरवले. या दोन फुकटच्या दुरुस्त्यांनी मुंग्या येण्याची वेळ तासावरून दीड तासावर गेली. हँडल बदलण्याचा विचार करणाऱ्याने त्याआधी ही दोन कामे करावीत, असे मला आता ठामपणे वाटते, कारण सीट झुकलेली असताना हँडल कितीही चांगले आणले तरी त्याचा गुण कळणारच नाही.

रुंदीचा प्रश्न त्यानंतर आला. गेल्या काही वर्षांत माउंटन बाइकची हँडले रुंद होत गेली आहेत. खडबडीत उतारावर रुंद हँडलमुळे चाकावर ताबा चांगला राहतो, हे खरेच आहे. परंतु त्याच रुंदीत माझे हात इतके फाकले जात की कोपरे ताणून सरळ होत आणि दगडाचा प्रत्येक धक्का मनगटातून थेट खांद्याला जाई. हँडल एकदा कापले की परत वाढत नाही, म्हणून मी आधी ग्रिप, ब्रेक आणि गिअरचे लिव्हर सैल करून दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिलिमीटर आत सरकवले, मग आणखी दहा. बाहेर उरलेली नळीची टोके झाडाझुडपांत अडकू शकतात, त्यामुळे या चाचण्या मी मोकळ्या मैदानातच केल्या. 740 वर कोपरे आपोआप किंचित वाकू लागली. 720 वर मात्र पुढचे चाक दगडावरून बाजूला पळू लागले, तेव्हा 740 पक्के झाले.

आता मनगट उरले होते, आणि इथे माझा पेशा उपयोगी पडला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी चित्रकलेचा मोठा कागद चिकटवला, सायकलवर बसतो तितक्या अंतरावर खुर्ची ठेवली, दोन्ही मुठींत एकेक नवी पेन्सिल धरली, डोळे मिटले आणि कोपरे थोडी वाकवून हात पुढे कागदावर आणले. मनगट कुठेही न मुरडता मुठी जशा पडतील तशा पडू दिल्या. मुलीने दोन्ही पेन्सिलींच्या कडेने रेघा मारल्या. डोळे उघडून पाहिले तर त्या रेघा एका ओळीत अजिबात नव्हत्या. अंगठ्याकडची टोके पुढे आणि करंगळीकडची मागे, माझ्या अंगाकडे झुकलेली होती. हे सहा वेळा केले आणि कोनमापकाने मोजले. उजवा हात 14 ते 16 अंश, डावा 13 ते 15. त्याच कागदावर मी माझ्या जुन्या हँडलचा कोन उतरवला, तो 7 अंश भरला. म्हणजे सायकलवर बसले की दर वेळी माझी दोन्ही मनगटे सात-आठ अंशांनी कडेला मुरडून मी त्या सरळ नळीशी जुळवून घेत होते, आणि वजन तळहाताच्या बाहेरच्या कडेवर, डॉक्टरांनी अंगठा ठेवला होता त्याच जागी, पडत होते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

हँडलची टोके स्वाराकडे जितके अंश वळलेली असतात त्याला बॅकस्वीप म्हणतात. माउंटन बाइकच्या बहुतेक हँडलांत तो 7 ते 9 अंशांचा असतो. त्याहून जास्त वळण देणारे उत्पादक मोजके आहेत. अमेरिकेतल्या जोन्सच्या एच-बारचे वळण तर 45 अंशांचे आहे. लांबच्या प्रवासाला ते अनेकांना मानवते, पण माझ्या कागदावरच्या रेघांपेक्षा ते फारच पुढचे होते. एसक्यूलॅब या जर्मन उत्पादकाच्या एका हँडलमध्ये 12 आणि 16 असे पर्याय मिळाले. 12 घ्यावे की 16, यावर मी आठवडाभर घुटमळले. शेवटी रेघांवर विश्वास ठेवला आणि भाच्याकडून 16 अंशांचे अ‍ॅल्युमिनियमचे हँडल मागवले. तो जर्मनीतच शिकतो आणि गणपतीत घरी येणार होता. कार्बनचे हँडल धक्के कमी करते, असे दोघा-तिघांनी सांगितले होते. पण कोन बरोबर की चूक हेच ठरलेले नसताना त्यावर पैसे घालणे मला पटले नाही. एक गोष्ट मागवण्याआधी आवर्जून मोजली, ती म्हणजे स्टेममध्ये बसणाऱ्या भागाचा व्यास. तो हल्ली बहुधा 31.8 आणि 35 मिलिमीटर अशा दोन मापांत येतो आणि एकाचे हँडल दुसऱ्याच्या स्टेममध्ये बसत नाही. माझा 31.8 होता.

हँडल बसवल्यावर पहिल्या दिवशी मी निराश झाले. सायकल अचानक आखूड वाटू लागली, चढावर गुडघे हातांजवळ येऊ लागले आणि पुढचे चाक उचलू लागले. टोके मागे वळली की पकडही मागे येते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. मोजले तर ग्रिपची मधली जागा सुमारे 2 सेंटीमीटर मागे आली होती. आमच्या सायकल मेकॅनिकने हे बसताक्षणी ओळखले. "ताई, हँडल बरोबर आहे, स्टेम लहान पडतोय," असे म्हणून त्याने 80 मिलिमीटरचा जुना स्टेम तात्पुरता लावून दिला आणि सायकल पुन्हा मापात आली. त्यानेच हेही शिकवले की हँडल स्टेममध्ये थोडे पुढे-मागे फिरवले की त्याच वळणाची दिशा बदलते. मी बसवले होते तेव्हा टोके जमिनीकडे झुकली होती आणि त्यामुळे मनगट वर वाकत होते. बाजूने पाहून, पेन्सिलची खूण करत, तीन फेऱ्यांत ती जागा सापडली. स्टेमचे चार स्क्रू आलटूनपालटून, वरखालची फट सारखी ठेवत, स्टेमवर छापलेल्या 5 न्यूटन मीटरपर्यंत टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळायचे असतात. हे अंदाजाने करू नये; कमी आवळले तर उतारावर हँडल फिरते आणि जास्त आवळले तर नळी दबते.

ब्रेकच्या लिव्हरचे काम छोटे होते, पण त्याचा गुण मोठा आला. माझे लिव्हर जवळजवळ आडवे होते. ते कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेघ होईल इतके, साधारण 30 अंश, खाली केले. तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळणावर पडेल असे ते आत सरकवले आणि लहान स्क्रूने ग्रिपच्या जवळ आणले. आता एका बोटाने ब्रेक लागतो आणि उरलेली तीन बोटे पकडीला मोकळी राहतात. ग्रिपही बदलल्या. बाहेरच्या टोकाला पंखासारखा पसरट आधार असलेल्या, पण बारीक मापाच्या घेतल्या, आणि तो आधार तळहाताला टेकेल, मनगटाला वर ढकलणार नाही, इतकाच फिरवला. जेलचे हातमोजे देऊन टाकले आणि साधे पातळ वापरू लागले.

हे सगळे एकदम केले असते तर कशाने काय झाले हे कधीच कळले नसते, म्हणून मी एका वेळी एकच बदल करून तीन फेऱ्या मारत असे आणि वहीत पहिल्या मुंग्यांची वेळ लिहीत असे. जुन्या हँडलवर सीट आणि हवेच्या दुरुस्तीनंतर दीड तास. रुंदी कमी केल्यावर पावणेदोन. नवे हँडल, लांब स्टेम आणि लिव्हर जागेवर आल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पावणेतीन तास चालवून उजव्या हाताला काहीच झाले नाही. डाव्या हाताला खाणीजवळच्या लांब उतारावर अजूनही कधीकधी मुंग्या येतात, कारण तिथे मी त्याच हाताने पुढचा ब्रेक सतत धरून ठेवते. ती सवय मोडण्याचा प्रयत्न चालू आहे.

नवे हँडलही 780 चेच आले होते आणि मी ते लगेच कापले नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत, दीड महिना वापरून झाल्यावर, दोन्ही टोकांपासून 20 मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळली, तिच्या कडेने बारीक दातांच्या हॅकसॉने कापले, कानशीने आतली-बाहेरची धार मोडली आणि टोपणे ठोकून बसवली. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला मुलांना हातकागदावर बोरूने लिहून दाखवत होते. त्या कागदाचा पोत जरा खरखरीत असतो, आणि ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो करंगळीला लागत राहिला.