कांद्याच्या गोणीची पैठणी: नाशकातले दोन दिवस

पुण्याहून पहाटेची एसटी धरली तर साधारण २१० किलोमीटर पार करून अकराच्या आसपास नाशिकला टेकता येतं. मुंबईकरांनी रेल्वेने यावं, पण नाशिकरोड स्टेशन म्हणजे नाशिक नव्हे. तिथून गावात यायला अजून नऊ-दहा किलोमीटर आहेत. सिटीलिंकची बस मिळते. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, तेव्हा वेळ दीडपट धरा. आणि २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, पर्वण्यांच्या गर्दीत, नुसती चित्रं बघायला म्हणून तर येऊच नका.

मी गेले ती मात्र चित्रांसाठीच. आत्याचा फोन आला होता, "अगं, इथल्या मुलांनी प्रदर्शन लावलंय, गोण्याबिण्या टांगल्यात. मला काही कळलं नाही, तू ये बघायला." आत्याला न कळलेल्या गोष्टी बहुधा बघण्यासारख्या असतात.

दुपारी एकला पोचले तर दालनाला कुलूप. चारला उघडतं म्हणे, पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. अशी प्रदर्शनं तीन-चार दिवसांतच गुंडाळतात, त्यामुळे आधी फोन करून वेळ विचारून घ्या. गंगापूर रोडच्या कुसुमाग्रज स्मारकातही अधूनमधून प्रदर्शनं असतात, तिथे जाता जाता डोकवायला हरकत नाही.

तीन तास हातात होते म्हणून पंचवटीत गेले. काळारामाच्या देवळाचा दगड उन्हाने तापला होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लावून धरला, पण दरवाजे काही उघडले नाहीत. मग १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. आणि तो विचार गाण्यांतून गावोगाव पोचवणारे वामनदादा कर्डक याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. तेव्हा 'हल्लीची मुलं कलेत राजकारण आणतात' ही कुरकुर निदान नाशकात तरी कोणी करू नये.

चारला दालन उघडलं. समोरच नऊवारी साडी टांगलेली, कांद्याच्या लाल जाळीदार गोण्यांची. गोण्या उसवून, एकमेकींना जोडून, दाभणाने शिवलेली. सुतळी पिळून पिळून केलेला नारळी काठ. पदरावर पांढऱ्या कागदाचे मोर. जाळीत अडकलेले कांद्याचे पापुद्रे वाऱ्याने गळत होते आणि साडीखाली त्यांचा पसारा पडला होता. शिपाईमामा झाडू घेऊन आले तशी करणारी मुलगी धावली, "मामा, राहू द्या, ते कामातच आहे." मुलगी निफाड तालुक्यातली. लग्नात आईच्या अंगावर पैठणी होती, नंतर अडीअडचणीला ती विकली, एवढंच ती बोलली. जवळ गेलं की कांद्याचा उग्र वास येत होता.

पलीकडच्या भिंतीवर सुरगाण्याच्या एका मुलाचं काम. गेरूवर पांढरी त्रिकोणी माणसं काढून मग ओल्या फडक्याने पुसलेली, आणि वर भवाड्यातला, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवातला, कागदाच्या लगद्याचा मुखवटा ठोकलेला. "ताई, मी कोकणा. वारली नाही. पण हॉटेलवाल्यांना भिंतीवर वारलीच पाहिजे असते. पोटासाठी काढतो मग." डहाणूकडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या चौकाची चित्रं १९७०च्या दशकात कागदावर आणली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते झालं ते चांगलंच, पण त्या नादात आदिवासी म्हटलं की वारली, असं शहरी लोकांनी ठरवून टाकलं. (माझ्या स्वतःच्या हॉलमधला दिवा मला तिथे उभ्या उभ्या आठवला.) मुखवट्याचा रंग घाईत मारल्यासारखा वाटला, पण पुसलेली माणसं पुसूनही दिसत राहतात, ते फार नेमकं जमलंय.

दुसऱ्या दिवशी आत्याची गाडी घेऊन लासलगाव आणि येवला केलं. एसटी आहे, पण एका दिवसात दोन्ही उरकायचं तर गाडीच बरी. लासलगाव, म्हणजे कांद्याची मोठी बाजारपेठ, साठेक किलोमीटर. सकाळी लवकर निघा, रविवारी लिलाव नसतात. ट्रॅक्टरांच्या रांगा, पुढे सरकणारा बोलीचा घोळका, आणि शेतकऱ्याच्या हातात शेवटी उरणारी, विक्रीची रक्कम आणि कापलेले खर्च दाखवणारी हिशेबपट्टी. मध्ये मध्ये घुसून फोटो काढू नका, लोक कामात असतात.

येवल्यात आधी बाबासाहेबांच्या त्या घोषणेची जागा, मुक्तिभूमी, पाहिली, मग एका विणकराच्या घरी गेले. हातमागावर पैठणी चालू होती. काकांना मोबाइलवर गोणीची साडी दाखवली. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, काठ न्याहाळला. "नारळी बरोबर धरलीय. मागची बाजू?" मागचा फोटो मी काढलाच नव्हता. "अस्सल पैठणी मागूनही पुढच्यासारखीच असते, ताई. आम्ही आधी तेच बघतो."

संध्याकाळी थेट प्रदर्शनात. शेवटचा दिवस होता, मुलं सामान उतरवायच्या बेतात. साडीवाल्या मुलीला विचारलं, मागून बघू का? तिने एक टोक धरलं, मी दुसरं. पुढून कोरे दिसणारे मोर मागून छापील होते. सगळे हिशेबपट्टीचे. एकाच्या पिसाऱ्यात हमाली, दुसऱ्याच्या तोलाई, तिसऱ्याच्या मानेत वाराई.

"दोन दिवसांत मागून कोणी बघितलं?" मी विचारलं.

"शिपाईमामांनी," ती म्हणाली. "झाडताना."