किडीच्या भोकांतून सापडलेलं साल

अभिलेखपालांच्या, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्यांच्या, परिषदांना विद्यार्थ्यांना बोलावतात ते बहुतेक नोंदणीच्या टेबलावर बसायला आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला. हे मला कधीच पटलेलं नाही. म्हणून गेल्या थंडीत दिल्लीच्या परिषदेला आमच्या पुराभिलेख अभ्यासक्रमाची मुलं न्यायचं ठरलं, तेव्हा मी आयोजकांना आधीच कळवलं की मुलं येतील ती प्रतिनिधी म्हणून. सभागृहात बसतील, प्रश्न विचारतील, आणि एक पोस्टरही लावतील. पोस्टरला जागा मिळाली ती बाहेरच्या पॅसेजमध्ये, चहाच्या टेबलांच्या पलीकडे.

या मुलांबद्दल थोडं सांगायला हवं. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी शिंदे समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रभरच्या रेकॉर्ड रूममध्ये मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. आमच्या वर्गातली दोन-तीन मुलं त्या काळात तहसील कार्यालयांत बसून जुनी रजिस्टरं वाचत होती. गठ्ठा सोडायचा, धूळ झटकायची, नोंद शोधायची, गठ्ठा बांधायचा. ज्यांनी ते केलंय त्यांना कागद कसा हाताळायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. परभणीची एक मुलगी त्यातलीच. पोस्टर तिचं होतं.

विषय होता नगरकडच्या एका देशमुखी वाड्यातलं दफ्तर. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने त्याचं स्कॅनिंग करून घेतलं होतं. काम भराभर व्हावं म्हणून स्कॅन करणाऱ्यांनी रुमाल, म्हणजे कागदांचे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडले आणि कागद आकाराप्रमाणे लावले. लांब कागद एकीकडे, चिठ्ठ्या दुसरीकडे. त्याच क्रमाने नंबर पडले, त्याच क्रमाने पुन्हा बांधले गेले. फेरिस्तीत, म्हणजे कागदांच्या यादीत, बऱ्याच पत्रांपुढे शेरा आला, ‘साल नाही’.

मराठेशाहीतली पत्रं ज्यांनी वाचलीत त्यांना यातली मेख लगेच कळेल. बहुतेक पत्रांवर तारीख असते ती नुसती ‘छ १४ रबिलाखर’ अशी. ‘छ’ म्हणजे चंद्र, महिन्यातली तिथी; रबिलाखर हा हिजरी महिना. चंद्र आहे, महिना आहे, साल नाही. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होतं, मग लिहायचं कशाला? आपल्याला ते कळतं शेजारच्या कागदावरून. त्याच रुमालात खालीवर एखादी सनद असते, हिशेबाचा बंद असतो, त्यावर शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीत चालणारं अरबी आकड्यांचं साल, अक्षरात लिहिलेला असतो. शेजार मोडला की साल गेलं. फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी दफ्तरखान्यांना आदेश निघाला की एका घराण्याचे, एका कचेरीचे कागद एकत्रच ठेवायचे, त्यांची सरमिसळ करायची नाही. कागदांचा मूळ क्रमही सांभाळायचा, हा नियम पुढे डच अभिलेखपालांनी १८९८च्या आपल्या पुस्तकात नीट बांधून दिला. त्याच १८९८मध्ये इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. ही दोन पुस्तकं मी दरवर्षी वर्गात फळ्यावर शेजारीशेजारी लिहिते. जो तो आपापल्या जागी एकाच गोष्टीसाठी जिवाचं रान करत होता, असं मला वाटतं.

तर तिच्यापुढे प्रश्न होता की मोडलेला शेजार परत जुळवायचा कसा. तिने धरली किडीची भोकं. कागद खाणारी कीड एका पानावर थांबत नाही, ती थरातून आरपार जाते. वर्षानुवर्षं एकावर एक पडून राहिलेल्या कागदांना त्यामुळे एकाच जागी भोकं पडतात, आणि ती एका बाजूने हळूहळू बारीक होत जातात. कागद घडी घातलेला असेल तर घडीच्या दोन्ही अंगांना भोकांची नक्षी उलटसुलट उमटते. तिने स्कॅन मूळ मापात पारदर्शक प्लास्टिकवर छापून घेतले आणि हॉस्टेलच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले. नुसती भोकं. अक्षरांकडे बघायचंच नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं, कारण मजकूर वाचला की मन आपोआप जुळवाजुळव करायला लागतं. मला तिच्या पद्धतीतली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

एक गठ्ठा असा जुळला. त्यात एक पत्र होतं. श्रीमंतांची स्वारी दसऱ्यानंतर येणार, वैरणीची तजवीज करावी. छ १४ रबिलाखर. श्रीमंत कोण, हे पत्रात नाही. पण त्या पत्राच्या अगदी खाली, तीच तीन भोकं किंचित बारीक होऊन ज्या कागदात उतरली होती, त्या हिशेबावर लिहिलं होतं ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’. शुहूर ११७१. म्हणजे इसवी सन १७७०-७१. पत्र त्याच वर्षाचं असेल तर ते १७७०च्या ऑगस्टमधलं ठरतं आणि श्रीमंत म्हणजे थोरले माधवराव पेशवे. शेजारच्या कागदाचं साल पत्राला तसंच्या तसं लावता येत नाही, हे तिने पोस्टरवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. ‘संभाव्य’ हा शब्द तिने एकदाही गाळला नव्हता.

पोस्टरपाशी सकाळभर फारसं कुणी थांबलं नाही. दुपारी डिजिटायझेशनचं सत्र होतं. स्कॅनिंग करणाऱ्या एका मोठ्या एजन्सीचे अधिकारी बोलले. दिवसाला किती पानं, किती टेराबाइट, चित्र सरळ कसं होतं, कागदाची फाटकी कड सॉफ्टवेअर आपोआप कशी कापून टाकतं. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेली माझी विद्यार्थिनी ताठ झाली. “मॅडम, कड कापतात? भोकं कडेलाच असतात हो.” मी म्हटलं, “विचार की.”

तिने हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, वेळ कमी आहे, आधी प्रतिनिधींचे प्रश्न घेऊ, विद्यार्थ्यांचे नंतर. ‘नंतर’ म्हणजे कधीच नाही, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिच्या गळ्यातला बिल्ला माझ्या बिल्ल्यासारखाच होता. मी उठणारच होते, तेवढ्यात माइक हातात असलेले एक निवृत्त अभिलेखपाल म्हणाले की माझा प्रश्न या मुलीने विचारावा. आणि ते खाली बसले.

ती बोलली हिंदीत, परभणीच्या वळणाच्या हिंदीत, आणि सावकाश. भाषण केलं नाही. पिशवीतून ती प्लास्टिकची तीन पानं काढली, एकावर एक ठेवली आणि सभागृहाच्या खिडकीकडे धरली. तीन भोकं, तिन्ही पानांत. मग विचारलं, “कड कापण्याआधीचं चित्र तुम्ही ठेवता का? ठेवत असाल तर ते कुणाकडे असतं?”

अधिकाऱ्यांनी सरळ उत्तर दिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. कच्ची चित्रं हार्ड डिस्कवर संस्थेला देतात, पण बहुतेक संस्था ती कधी उघडून बघत नाहीत, आणि करारात ती जपण्याची अट नसते. तमिळनाडूहून आलेल्या एक संवर्धक बाई उठल्या. ताडपत्रांच्या पोथ्या विस्कटल्या की आम्हीही भोकंच जुळवतो, पण कागदावर हे कुणी करताना पाहिलं नव्हतं, असं म्हणाल्या. मग प्रश्नांची रांगच लागली. कापडी रुमाल काढून खोक्यात कागद घालताना क्रम कसा नोंदवायचा, गाठी सोडण्याआधी फोटो काढायचा का, कोणी काढायचा. अध्यक्षांनी सत्र वाढवलं. चहा गार झाला.

संध्याकाळी पोस्टरपुढे तिला श्वास घ्यायला उसंत नव्हती. दोन राज्यांच्या पुराभिलेखागारांतले लोक तिच्या वहीत आपले फोन नंबर लिहून गेले. सोबतची मुलं, जी सकाळी भिंतीला चिकटून उभी होती, ती आता स्वतःहून लोकांना पोस्टर समजावून सांगत होती.

पुण्याला आल्यावर आम्ही त्या संस्थेला पत्र लिहून कच्ची चित्रं मागितली. हार्ड डिस्क कपाटात होती आणि चालूही झाली. कापलेल्या कडांमध्ये आणखी बरीच भोकं निघाली. ते जुळवायचं काम सध्या वर्गातली मुलं आळीपाळीने करतायत, आणि नव्या फेरिस्तीत ‘मूळ जागा’ असा एक रकाना वाढवलाय. माधवरावांच्या पत्रापुढे अजूनही ‘संभाव्य’ आहे. वाड्यातले मूळ कागद बघायला घरच्यांनी होकार दिलाय, पावसाळा संपला की जायचं आहे. पुढच्या परिषदेसाठी आयोजकांना मी लिहिलंय की विद्यार्थ्यांचं सत्र मुख्य सभागृहात हवं, सकाळच्या वेळेत हवं, आणि मुलांचं गाडीभाडं परिषदेने द्यावं. उत्तर यायचं आहे.